वाघबारशीचं बिल

पोलिसाची नोकरी केलेल्या माणसाला सगळीच प्रकरणं आठवत नाहीत, आणि आठवूही नयेत. नाहीतर अन्न गोड लागणार नाही. पण गेमवाल्या मुलीची ती घटना मात्र आजही काल घडल्यासारखी आठवते. एक तर ते माझ्या नोकरीतलं शेवटचं मोठं प्रकरण. दुसरं म्हणजे त्यात मी चुकता चुकता वाचलो. चुकलो असतो तर एका निर्दोष मुलीच्या कपाळी फसवणुकीचा शिक्का माझ्याच सहीनं बसला असता. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

मी तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडचे गुन्हे म्हणजे बांधावरून फुटलेली डोकी, मोटारसायकलची चोरी, घाटात दारू पिऊन पर्यटकांची मारामारी. एका सकाळी सायबर शाखेकडून तक्रार अर्ज वर्ग होऊन आला. तक्रारदार सहा, कुणी पुण्याचा, कुणी बंगळुरूचा. आरोप असा, की वैशाखऱ्याजवळच्या वाडीतल्या एका मुलीनं कॉम्प्युटरवर खेळायचा गेम बनवते म्हणून लोकांकडून साडेनऊ लाख रुपये गोळा केले आणि गेम काही दिला नाही. मी अर्ज दोनदा वाचला आणि ओरडलोच, "गेम बनवायला लोक पैसे देतात? आम्ही पोरांना गेम खेळले म्हणून चोप दिला!"

आमच्या ठाण्यात शहापूरची एक महिला शिपाई होती. हुशार, पण तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "सर, वर्गणी समजा. गेम बनवणारा आधी वेबसाइटवर सांगतो, मला असा असा गेम करायचाय, एवढा खर्च आहे. ज्याला आवडला त्यानं पाचशे-हजार द्यायचे. ठरलेली रक्कम जमली, की वेबसाइट आपलं कमिशन कापून पैसे त्याच्या खात्यात टाकते. गेम झाला की वर्गणीदाराला तो मिळतो."

"आणि नाही झाला तर?"

"तर अर्ज तुमच्या टेबलावर येतो."

आता गेम अर्धवट राहणं हा काही गुन्हा नाही. काम लांबतं, धंदा बसतो. पण गेमसाठी घेतलेला पैसा कुणी परस्पर दुसरीकडे वळवला, तर तो गुन्हा. म्हणजे शोधायचं एवढंच, की पैसा गेला कुठं. वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली आणि प्राथमिक चौकशी सुरू केली. मुदत चौदा दिवसांची.

मुलगी आईला घेऊन आली. वय तेवीस. कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, वाडीतली पहिलीच. आई रानभाज्या आणि मध विकणारी. मुलीनं लॅपटॉप उघडून गेम दाखवला. एक गुराखीण पोर दिवस मावळायच्या आत गुरं घरी आणते. रानात वाघ आहे, पण तो दिसत नाही. माकडं कशी ओरडतात, पाखरं कधी गप्प होतात, त्यावरून खेळणाऱ्यानं ओळखायचं की तो कुठं आहे. गुरांना हाका मारणारा आवाज तिच्या आईचा होता. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मी चौकशी विसरलो.

मग जबाब घेतला. वेबसाइटला धंद्याचं चालू खातं लागायचं आणि तिच्याकडे ते नव्हतं. कॉलेजातला एक वरच्या वर्गातला मुलगा पुढे आला. त्यानं दोघांच्या नावानं फर्म काढली, खातं काढलं. दोघांपैकी कुणाचीही एक सही चालेल असं लिहून घेतलं आणि स्वतः मॅनेजर झाला. मुलीला कॉम्प्युटरसाठी साठ हजार मिळाले. बाकीचे 'या आठवड्यात देतो' करत चार महिने गेले. वेबसाइटचा पासवर्डही त्याच्याकडेच. तिथं त्यानं वर्गणीदारांना लिहिलं होतं, की सगळे पैसे मुलीच्या वाडीत रोखीनं वाटले आहेत आणि आता ती फोन उचलत नाही.

"सही करताना वाचलं नाहीस?" मी दरडावलं.

"वाचलं, साहेब. पण त्याला मी दादा म्हनायची." एवढं बोलून तिनं मान खाली घातली. आई मात्र माझ्याकडे रोखून बघत होती. "साहेब, माजी पोर खाऊन नाय टाकनार लोकांचं. मी वळखतंय तिला," असं दोनदा म्हणाली. आई असंच म्हणणार, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट आणि हातात अशी फाईल, की आमच्या कारकुनाला लाज वाटावी. प्रत्येक खर्चाचं बिल, प्रत्येक बिलाला नंबर. गेमसाठी रानातले आवाज टिपले, वाडीतल्या बायामाणसांच्या चालण्या-पळण्याचं चित्रण केलं. त्यासाठी बावीस माणसं अनेक दिवस कामाला लावली. मजुरी, जेवण, टेम्पो. सगळी रक्कम रोख, आणि प्रत्येक व्हाउचरवर वाडीतल्या माणसांचे अंगठे. बेरीज आठ लाखांच्या आसपास. "सर, माणसं तिची, पैसे वाटले तिनं. मी फक्त बँकेतून काढून दिले," तो नम्रपणे म्हणाला.

मला ते पटलं. हो, पटलं! तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी, आणि नीटनेटक्या फाईलला भुललो. वाडीतल्या चौघांना विचारलं होतं, तर ते पोलीस बघून गप्प बसले. ते गप्प राहणंही मी मुलीच्या विरोधातच धरलं. नवव्या दिवशी मी कारकुनाला सांगून टाकलं, "मुलीवर गुन्हा दाखल करायचा मसुदा तयार कर."

त्याच दुपारी टोकावड्याच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला. हा माणूस अधूनमधून खबर द्यायचा आणि बदल्यात फक्त मान मागायचा. म्हणाला, "साहेब, तुमी वाडीवरच्या पोरीला धरताय आसं आयकलं. पन तो तिचा मॅनेजर माज्याकडं दर रईवारी जमिनीच्या दलालाला घेऊन बसतो. कोंबडी काय, बिर्याणी काय! वैशाखऱ्याच्या वाटंवर फार्महाऊससाठी जागा बघितली, इसार पन दिला म्हनं. पोरीच्या आंगावर तर तीच फाटकी चप्पल."

मी कारकुनाच्या हातातला मसुदा काढून घेतला. पण ढाब्यावरची खबर कोर्टात चालत नाही, पुरावा लागतो. फाईल पुन्हा उघडली. महिला शिपाई म्हणाली, "सर, ज्यांच्या नावानं ही बिलं आहेत, त्यांना ती कुणी वाचून दाखवलीत का?" खरंच, कुणीच दाखवली नव्हती. मुलीच्या आईला बोलावून घेतलं. तिला वाचता येत नाही. शिपाई मोठ्यानं एकेक बिल वाचत गेली आणि बाई मान हलवत गेली, "हा नाय. ही नाय. ह्यो तर तवा वीटभट्टीवर होता." मग एक मोठं बिल आलं. पूर्ण दिवस रानात आवाजाचं काम, बावीस माणसं, मजुरी दुप्पट.

"ती तारीख म्हंजी दिवाळीच्या किती आदी?" बाईनं विचारलं.

शिपाईनं मोबाईलवर बघून सांगितलं, "धनतेरसच्या आदल्या दिवशी."

बाई इतक्या जोरात हसली, की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला. "अगो, ती तर वाघबारस! त्या दिशी कोन जाईल रानात? वाघोबाचा दिस तो. गुरंसुदा सोडीत नाय आमी. अख्खी वाडी देवापाशी आसते, तितंच रांधतो, तितंच जेवतो. दुप्पट काय, दहापट मजुरी द्या, मानूस हलायचा नाय!"

मॅनेजरनं रविवार टाळले होते, दिवाळीचे दिवसही नीट टाळले होते. कल्याणच्या माणसाला धनतेरसचा आदला दिवस म्हणजे साधा कामाचा दिवस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आणि आमच्याकडे त्याचा पुरावाही होता. आदल्या वर्षी वाघोबाच्या जागेवरून दोन वाड्यांत बाचाबाची झाली होती, म्हणून त्या वाघबारशीला मी दोन शिपायांचा बंदोबस्त लावला होता. स्टेशन डायरी काढली. नोंद स्पष्ट होती: वाडीतील स्त्री-पुरुष सकाळपासून देवस्थानी जमा, कार्यक्रम सायंकाळी शांततेत पार पडला. बावीस माणसं रानात नव्हती. ती माझ्या शिपायांच्या डोळ्यांसमोर भात आणि खीर खात होती. त्या दोघांनीही खाल्ली होती, हे नोंदीत नव्हतं. ते मी नंतर काढून घेतलं.

मग आम्ही भिंग घेऊन अंगठे बघायला बसलो. सातव्या-आठव्या व्हाउचरला शिपाई ताडकन उठली. "सर, बावीस जणांच्या अंगठ्यावर एकच आडवी चीर कशी?"

मॅनेजरला नोटीस देऊन बोलावलं. मी आवाज चढवला नाही. चहा दिला. ओरडून घेतलेली कबुली टिकत नाही. माणसाला त्याच्याच थापेत आरामात बसू द्यावं. विचारलं, "त्या दिवशी तुम्ही स्वतः रानात होता?"

"हो सर, सकाळी सातपासून."

"माणसं किती?"

"बावीसच्या बावीस. रात्री घरी सोडलं त्यांना."

"जेवायला काय दिलंत?"

"चिकन, सर. वाडीवाल्यांना आवडतं ना."

त्या वाडीची वाघबारस खीर-भाताची, आणि हा म्हणे चिकन! मी स्टेशन डायरी त्याच्यासमोर सरकवली आणि त्याला वाचू दिली. मग शाईचं पॅड काढून टेबलावर ठेवलं. "व्हाउचरं ठसेतज्ज्ञाकडे जाणार. कोर्टाच्या परवानगीनं तुमचाही अंगठा घेऊ. हात टेबलावर ठेवा बघू, नुसते." त्यानं उजवा हात मांडीखाली घातला. चोराच्या मनात चांदणं. त्याच्या कपाळावर घाम आला, इस्त्रीच्या कॉलरची रया गेली, आणि तो रडायला लागला. त्या अंगठ्यावर लहानपणी कोयता लागल्याची आडवी खूण होती.

त्याच संध्याकाळी गुन्हा दाखल झाला आणि आरोपीच्या रकान्यात मुलीचं नाव नव्हतं. आमच्या ठाण्याचं त्या दिवशी लग्नघर झालं होतं! शिपाईनं पेढे आणले, कारकुनानं मसुदा स्वतः फाडला. मॅनेजरचं खातं गोठवलं, इसाराचे पैसे जमीनमालकाकडून जप्त केले. साडेनऊपैकी आठ लाखांच्या वर रक्कम हाती लागली आणि पुढे कोर्टाच्या आदेशानं फर्मच्या नव्या खात्यात आली. ते खातं मुलीच्या सहीचं.

मुलीनं वेबसाइटवर वर्गणीदारांना सगळं खरं लिहिलं. ज्याला पैसे परत हवेत त्यानं सांगावं, मिळतील. बाकीच्यांना गेम मिळेल आणि यापुढे दर महिन्याचा खर्च इथं सगळ्यांना दिसेल. परत मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. मला वाटलं होतं, निम्मे तरी पळतील. लोकांना पैसा बुडाल्याचा राग कमी येतो, अंधारात ठेवल्याचा जास्त, हे मला तेव्हा कळलं.

मी निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी गेम पुरा झाला. वाडीच्या समाजमंदिरात भिंतीवर चादर लावून तो दाखवला. आईचा आवाज घुमला तेव्हा बाहेर बांधलेली गाय खरंच हंबरली, आणि सगळी वाडी हसून लोळली. शेवटी पडद्यावर वर्गणीदारांची नावं सरकायला लागली. त्यात तक्रार करणारी सहाच्या सहा नावं होती. मी विचारलं, "यांचीही?"

"पैसं दिलं ना त्यांनी, साहेब. माज्यावर भरोसा टाकला म्हनून तर तक्रार केली," ती म्हणाली.

दोन दिवसांनी त्या सहांपैकी पुण्याच्या एकाचा मला फोन. "सर, तिची माफी मागायची आहे. नंबर देता का?" मी म्हटलं, "नंबर देत नाही. नाव घालवताना चारचौघांत घालवलंत ना? मग एसटी पकडा, या, आणि चारचौघांत तोंडानं मागा." वाटलं, कसला येतोय. पण पुढच्या रविवारी तिघं आले, तेही घाम पुसत, वाडीपर्यंत चालत! समाजमंदिरात सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी माफी मागितली. बायांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मग मलाही बसवेना. उभा राहिलो आणि म्हटलं, "हिच्यावर गुन्हा लिहायला मीही कारकुनाला सांगितलं होतं. बिलं तुमच्या नावाची होती आणि मी ती तुम्हालाच वाचून दाखवली नव्हती. चूक माझी."

मुलगी उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "साहेब, सांगितलं होतं. पन लिवलं नाय ना?"

माझे डोळे भरून आले; निवृत्त झालो होतो, आता कुणाला भ्यायचं? नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी एवढंच सांगतो: ज्याच्या नावानं कागद केलाय, त्याला तो आधी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मगच पेन उघडा.