मदत कोणाची घेतली?

आमच्या कर्जतच्या कॉलेजात स्टाफरूमचं कपाट उघडलं की आधी फायली अंगावर येतात आणि मग किस्से. पूर्वी ते कॉपीचे असायचे. मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं: प्रोजेक्टला एआय वापरलात तर सांगा, काय विचारलंत ते जोडा. लपवलंत आणि सापडलात, तर शून्य. मी समाजशास्त्र शिकवते, म्हणजे प्रोजेक्टचे गठ्ठे माझ्याच टेबलावर. तेव्हापासून माझं हसणं वाढलंय.

*

प्राचार्यांनी लगेच एक फॉर्म काढला. त्यात एकच रकाना: 'प्रोजेक्टसाठी मदत कोणाची घेतली?' पोरं तिथे एआय लिहितील अशी अपेक्षा. पण आमची पोरं पडली सरळ. एकाने लिहिलं, 'आई (डबा), दादा (बाईक), कशेळ्याचा जीपवाला (पुढची सीट).' एकीने गावदेवीचं नाव घातलं आणि पुढे कंसात 'संपूर्ण मदत'!

प्राचार्य म्हणाले, हिला नापास करायचं असेल तर सही तुम्ही करा, मला याच तालुक्यात राहायचंय.

*

समीर तर प्रामाणिकपणाचा कळस. अब्बांचं बाजारात चपलांचं दुकान, प्रोजेक्ट आठवडी बाजारावर. 'काय विचारलं ते जोडा' म्हटल्यावर पठ्ठ्याने एआयशी झालेलं अख्खं बोलणं छापून जोडलं. एकतीस पानं! पहिली तीन बाजाराची. पुढे केसगळती, मग अब्बांना बाईकसाठी कसं पटवायचं. सव्विसाव्या पानावर प्रश्न होता, 'आमच्या मॅडम लय कडक हायेत, व्हायवात त्या खूश कशा होतील?' उत्तर होतं, त्यांच्या विषयात मनापासून रस दाखवा.

व्हायवाला समीर आला आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला, "मॅडम, मला तुमच्या विषयात मनापासून रस हाय."

मी ते पान आदल्या दिवशीच वाचलेलं. तरी खूश झाले, काय करू!

*

पळसदरीच्या पर्यटनावर चार प्रोजेक्ट आले. चौघांनीही धरणाजवळ कणसं विकणाऱ्या रामभाऊंची मुलाखत घेतलेली. बोलणं शब्दाला शब्द सारखं, वय मात्र चौतीसपासून बहात्तरपर्यंत. एआयचा उल्लेख कुठेच नाही. मी पहिल्याला म्हटलं, मला रामभाऊंना भेटायचंय. तो खाली बघत म्हणाला, ते वारले. मी हळहळले आणि त्याला मागच्या दाराने पाठवलं.

दुसरा पुढच्या दाराने आला. "मॅडम, रामभाऊ आत्ताच स्टेशनवर भेटले. तुमाला नमस्कार सांगितलाय."

चौघांनाही पुन्हा पळसदरीला पिटाळलं. या वेळी त्यांनी एका खऱ्या मावशींची मुलाखत आणली, आणि पुरावा म्हणून माझ्यासाठी भाजलेलं कणीस.

*

आता मंदा. कशेळ्याच्या वरच्या वाडीतली. वाडीतली पहिली पदवीधर व्हायला तिचा एवढा एकच प्रोजेक्ट उरला होता. विषय रानभाज्या, भाषा इतकी नेटकी की मी तो दोनदा वाचला. फॉर्मवर मदत: 'आत्या'. पण तपासायच्या सॉफ्टवेअरने शिक्का मारला की हे यंत्राने लिहिलंय. मुंबईहून आलेले परीक्षक म्हणाले, वाडीवरची मुलगी असं लिहीलच कशी? मला इतका राग आला की चहा तसाच राहिला. शून्य दिलं असतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं.

मंदा म्हणाली, आत्याला आणलंय, बाहेर बसलीय. आत्या आत आली ती टोपलीभर शेवळं घेऊन. जूनमध्ये रानात उगवणारे हे जांभळट कोंब, आमच्याकडे लोक त्यावर जीव टाकतात. परीक्षकांनी आत्याला काहीच विचारलं नाही. शेवळं कशी करायची ते विचारलं मोबाईलला. मोबाईल म्हणाला, धुवा, चिरा, तेलावर परता. मंदाने तर लिहिलं होतं की शेवळात काकडं, म्हणजे रानातली ती आंबट फळं, घातल्याशिवाय शिजवूच नये.

परीक्षक सर म्हणाले, बघा, हिला साधी रेसिपीसुद्धा बरोबर लिहिता आली नाही. म्हणजे मघाशी यंत्रासारखं म्हणून चूक आणि आता यंत्रासारखं नाही म्हणून चूक!

आत्याने दोन जुड्या काढून सरांसमोर ठेवल्या. "न्या सायेब. फोन सांगतोय तशीच करा."

मंदा घाबरली. "सर, नका. काकडं नाय घातली तर घसा धरतो."

सर हसले, जुड्या बॅगेत टाकल्या आणि मार्क उद्या कळवतो म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी फोन नाही. मंदा सकाळपासून स्टाफरूमच्या दारात उभी. शेवटी मीच लावला. सरांनी कट केला आणि मेसेज पाठवला: 'बोलता येत नाही. मंदाला पैकीच्या पैकी.'

मी तो मंदाला वाचून दाखवतेय तोवर दुसरा आला: 'काकडं कुठे मिळतात?'