मुंग्यांतून दिसलेला शेवट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू? चुका काढायला वाचतो. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... अहो, काहीतरी नवं लिहा! भुताच्या पिक्चरलाही मी कधी घाबरलेलो नाही. बाकीचे किंचाळत असतात तेव्हा माझं लक्ष मागच्या भिंतीकडे असतं, रंगवलेला पुठ्ठा आहे की खरी भिंत ते बघायला. असा माणूस मी. त्यामुळे आज या सदरासाठी मलाच लिहायला बसावं लागतंय याची मला भयंकर चीड आहे.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. मी सरकारी कचेरीत कारकून, आणि पिक्चरचं वेड लहानपणापासून. कचेरीत पिक्चरवरून वाद पेटला की निवाड्याला माझ्याकडे यायचे. कोणी चुकीचा शेवट सांगत असला की मला राहवायचंच नाही. एकदा तर सायकलवरून उतरून मी दोन अनोळखी माणसांची चूक दुरुस्त केली आहे. त्यांनी आभार मानले नाहीत ही गोष्ट वेगळी.

ऐंशी सालानंतर आमच्याकडे टीव्ही आला. काळा-पांढरा, लाकडी दारांचा. वाटलं, चला, आता जुने पिक्चर घरबसल्या! कसलं काय. संध्याकाळी लावावा तर कपाशीवरची कीड. मग एक बाई फुलदाणीशेजारी बसून बातम्या सांगणार. मालिका म्हणाल तर घरातले सगळे सोफ्यावर बसून चहा पितात आणि तेवढ्यात भाग संपतो. निदान चहा तरी संपवा! गाण्यांच्या कार्यक्रमात कडवं रंगात आलं की कात्री. उरला रविवार संध्याकाळचा पिक्चर, तर त्याच्याही मधोमध बातम्या. नायिका विहिरीच्या काठावर उभी, आणि हे सांगणार धरणाच्या पाण्याची पातळी! जुन्या पिक्चरमध्ये समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत नट थांबायचा. त्या पिक्चरचे असे तुकडे केलेले बघून माझं डोकंच फिरायचं.

पण माय — म्हणजे माझी आई — टीव्हीवर खूश होती. कारण तिला एक पिक्चर पुरा करायचा होता.

माय नागपूरजवळच्या खाप्याची. ती आणि तिची धाकटी बहीण मैना, दोघी लग्नाआधी कन्हान नदीच्या काठावर आलेल्या तंबूत पिक्चर बघायला गेल्या होत्या. गोष्टही दोन बहिणींचीच. लहानपणी ताटातूट होते, मोठी आयुष्यभर धाकटीला शोधत फिरते. शेवटी ती नदीच्या घाटावर धावत येते, समोर नाव सुटायच्या बेतात... आणि तेवढ्यात वावटळ आली अन् तंबूची कनात फाटून गेली. लोक पळाले. दुसऱ्या दिवशी तंबूवाला गाशा गुंडाळून पारशिवनीकडे निघून गेला. घरी परतताना दोघी बहिणींनी ठरवलं, जिला शेवट आधी दिसेल तिने तो दुसरीला सांगायचा.

त्याच उन्हाळ्यात मैनामावशीचं लग्न झालं, पारशिवनीजवळच्याच एका गावात. पहिल्या बाळंतपणात ती गेली. मी तिला बघितलेलंच नाही.

माय तो अर्धा पिक्चर आम्हाला गोष्टीसारखा सांगायची आणि घाटावर येऊन थांबायची. “मंग काय झालं?” विचारलं की म्हणायची, “मले काय माहीत? मैनीले दिसला असन तं ते सांगन.” मी इतके पिक्चर बघितले, पण नेमका तोच कधी कुठे लागला नाही. (नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यातलेच काही जण माझ्याशी भांडायला बसतील.)

आणि एका रविवारी टीव्हीवर तोच पिक्चर जाहीर झाला! माय सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून तिला टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं. शेजारचे रामटेके काका घरचा टीव्ही सोडून सहकुटुंब आमच्याकडे आले, कारण आमचा मोठा.

पिक्चर छान चालला होता. बातम्या झाल्या, पुन्हा सुरू झाला. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर वारा सुटला आणि चित्र पोहायला लागलं. म्हणजे अँटिना फिरला. त्या काळच्या लोकांना पुढचं सांगायला नको... एकाने गच्चीवर जायचं, एकाने दारात उभं राहायचं. मी वर, माझी बायको सुशीला दारात.

“आला का?”

“नाही! अजून तिकडं फिरवा!”

“आता?”

“आला... गेला! तुम्ही हात काढला की जाते!”

हेही सगळ्यांना माहीत आहे. अँटिनाचा पाइप हाताने धरला की चित्र स्वच्छ, सोडला की गेलं. म्हणजे ज्याला पिक्चरची सगळ्यात जास्त हौस, त्याने गच्चीवर खांबासारखं उभं राहायचं! मी चडफडत पाइप कराकरा फिरवत होतो. मग खालून आवाज येणंच बंद झालं. मी ओरडतोय, कोणी उत्तर देईना. आणि मग एकदम मायचा आवाज आला.

“आला गा आला! आता हालवू नोको! तसाच धरून ठेव!”

मी धरून ठेवला. वाऱ्याने डोळ्यांत धूळ जातेय, हाताला रग लागलीय, पण म्हटलं मायचा शेवट जायला नको. बऱ्याच वेळाने तिने हाक मारली, “झाला गा. ये खाली.”

मी हात सोडला आणि बघतो तर काय! टीव्हीला जाणारी चपटी वायर अँटिनापासून सुटून गच्चीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात पडली होती. मी बिनवायरीचा पाइप धरून उभा होतो. म्हटलं, आत्ताच सुटली असेल. पण माझी चप्पल त्या वायरीवर केव्हापासून होती... मायचा आवाज येण्याआधी, खालून कोणी उत्तर देईना तेव्हा मी कठड्यावरून वाकून बघितलं होतं, आणि पाय घसरू नये म्हणून ती काढून काहीतरी सपाट दिसलं त्यावर ठेवली होती.

खाली आलो. खोलीत माय एकटी, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“बाकीचे कुठे गेले?”

“गेले. त्यायले काही सबुरी नाही,” माय म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा असा खुलला होता, की तसा पूर्वी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. मग तिने मला शेवट सांगितला. मोठी बहीण पाण्यापाशी पोचेपर्यंत नाव सुटते. ती पायातला चांदीचा तोडा काढून पायरीवर ठेवते. नावेत पाठमोरी बसलेली धाकटी हात वर करते आणि तिच्या हातात तसाच दुसरा तोडा असतो. “आन् नावेत एक पांढरी शेळी हाय गा. नावाड्याचा दुपट्टा खाऊन राहिली होती, त्याले पत्ताच नाही!” माय खुदखुदली. “मंग ते पोरगी वळून पाहाते. आन् हासते. अशी हासते का... मले पाहूनच हासली.”

मला मनातून राग आला होता, माझा पिक्चर बुडाला म्हणून. तेवढ्यात रामटेके काका विसरलेली चप्पल न्यायला आले. मी म्हटलं, “काका, शेवट सोडून काहून गेले?”

“कोनता शेवट?” काका म्हणाले. “‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी लागली ना गा! बराच वेळ पाह्यलं अन् घरी गेलो. तिथंबी तेच. नंतर फुलं दाखवून बासरी लावली त्यायनं.”

“मायने पाहिला की!”

“कशी पाहीन? पिच्चर आलाच नाही बापा!”

मी त्यांच्याशी भांडलो. सगळ्या गल्लीत फिरलो. सगळीकडे पाटीच. सुशीला भाकरी टाकायला आत गेली होती आणि मला वर तसंच ठेवून विसरली होती. ती म्हणाली, “मी तं नुसती खरखर आयकली. एकदा येऊन पाह्यलं, तं माय मुंग्याइकडे पाहून हासून राहिली होती.”

मी पुन्हा मायकडे आलो. “माय, खरं सांग, मनानं तर नाही जोडलं?”

“शेळी काहून जोडीन मी?” ती चिडली. “तुले पटत नसन तं नोको मानू.”

कचेरीत सांगायची सोयच नव्हती. पिक्चरचे निवाडे देणारा मी, आणि माझ्या घरी मुंग्यांत पिक्चर दिसतो म्हणून सांगू? पण डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी इतवारीकडच्या एका टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला तोच पिक्चर लागल्याचं पोस्टर दिसलं. मायला म्हटलं, चल. म्हणाली, “मी पाह्यला. तू पाहून ये.”

गेलो. प्रिंट खराब, पंखे बंद, मागे दोघं जण बडबडत होते. घाट आला. तोडा आला, पायरीवर ठेवला. नावेतला हात वर झाला, त्यात दुसरा तोडा. आणि नावेच्या टोकाला पांढरी शेळी... नावाड्याचा दुपट्टा चघळत होती! मी खुर्चीच्या कडेवर आलो. आता ती वळणार. आता हसणार.

ती वळली नाही. नाव लहान होत गेली, धुक्यात शिरली आणि पाटी आली, समाप्त. मी पुढच्या दोन्ही दिवशी जाऊन पुन्हा पाहिला. वाटलं, पट्टी तुटली असेल. पट्टी कुठेच तुटलेली नव्हती. पोरगी पाठमोरीच जाते.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा माय अंगणात बाजेवर बसली होती. डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. पावलांवरून मला ओळखून तिने विचारलं, “तसाच हाय ना गा शेवट? हासते ना ते?”

अनोळखी माणसाचाही चुकीचा शेवट मी कधी चालवून घेतला नव्हता. तोंडाशी आलं होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “हो माय. वळते आन् हासते.”

“मंग!” माय समाधानाने आडवी झाली. “मैनीनं सांगाचं कबूल केलं होतं.”

माय आता नाही. कोणी म्हणतं योगायोग, कोणी म्हणतं लहानपणी ऐकलं असेल. मग शेळी? मग वायर? मला एकही उत्तर पटत नाही, आणि याचीच चीड येते. परवा तोच पिक्चर कॅसेटवर मिळाला. नाव सुटते तिथे मागे नेऊन नेऊन पाहिला... मला अजून तिची पाठच दिसते.