पायऱ्यांखालचा दगड

पडदा वर जातो. मागे सिमेंटच्या उंच पायऱ्या, फटींतून डोकावणारं गाजरगवत, उजवीकडे कुलूप लावलेलं लोखंडी फाटक. हे आमच्या ढाणकीचं क्रीडासंकुल. डावीकडून इंदूबाई प्रवेश करते, डोक्यावर मुरमुरे-फुटाण्यांची पाटी.

"काय राजे, आज दरबार नाही भरला?"

मी नाटकांतून राजे रंगवले, म्हणून तिच्यासाठी मी कायमचा राजे. संकुलाच्या जागी तेव्हा मोकळं मैदान होतं. तिथे आठवडी बाजार भरायचा आणि हिवाळ्यात आमच्या नाटकाचा तंबू लागायचा. तंबूच्या दारात इंदूबाई. "तुमी खेळात रोज मरत जा, राजे," ती म्हणायची, "रडून राह्यलेलं माणूस लय फुटाणे खाते."

त्या बाजाराचा एक रिवाज होता. आदल्या संध्याकाळी ज्याने त्याने आपल्या जागेवर आपला दगड ठेवायचा. त्याला दुसरं कुणी हात लावत नसे. मात्र माणसागणिक दगड एकच. आणि तो स्वतः उचलला, की जागा सोडली. इंदूबाईचा दगड म्हणजे जात्याची फुटकी तळी. आमचा तंबू कित्येकदा तिच्या जागेवरच यायचा. आम्ही तळी न हलवता तिच्याभोवती खांब रोवायचो.

मग राज्यपातळीच्या कबड्डी स्पर्धा गावाला मिळाल्या आणि मैदानावर संकुल आलं. आराखडा करणारा साकेत चांगला मुलगा होता. स्पर्धा संपल्यावर काय, याचाही त्याने विचार केला होता. पायऱ्यांखाली बाजारवाल्यांना गाळे, मधल्या पटांगणात बाजार, कोपऱ्यात नाटकासाठी कट्टा. तो कट्टा कागदावर पाहून माझे डोळे भरून आले. इंदूबाईला त्याने पायऱ्यांखाली नेऊन दाखवलं, "मावशी, ही तुमची जागा."

तिने लगेच तळी आणून तिथे ठेवली. तिच्या लेखी व्यवहार पक्का झाला.

स्पर्धा दणक्यात झाल्या. पाहुणे गेले, दिवे उतरवले, फाटकाला कुलूप लागलं. गाळे पुढच्या टप्प्यात होणार होते. तो टप्पा आलाच नाही. साकेतही दुसऱ्या कामावर गेला. बाजार नाल्याकाठच्या रस्त्यावर सरकला आणि तिथे सगळ्यांनी दगड ठेवले. इंदूबाईने नाही.

तिची सून प्रियंका चिडायची. "आत्याबाई, तुमीबी ठेवा ना तिकडं एक दगड!"

"माहा ठेवला हाय ना तिथं."

"कुलपात हाय तो!"

"कुलपात असन, पन हाय ना."

त्यामुळे भर बाजारात ती एकटीच उभी. गुडघे गेलेले, तरी पाटी घेऊन दुसऱ्यांच्या दुकानांमधून फिरायची. पण गिऱ्हाईक बसलेल्याकडे जातं, फिरणाऱ्याला थांबवत नाही. पाटी जेवढी भरून न्यायची तेवढीच परत यायची. "फाटक उघडायला लाव आणि ती तळी रस्त्यावर आणून ठेव," मी कितीदा म्हणालो. "उचलला म्हणजे सोडली, राजे," एवढंच उत्तर.

यंदा कुठल्याशा सोहळ्यासाठी संकुल उघडलं. कळताच ती निघाली. मी काठी टेकत मागे. आदल्या दिवशी यंत्र लावून पायऱ्यांखालचा सगळा मलबा खरवडून नेला होता. जमीन लख्ख. ती बराच वेळ अनवाणी पायाने माती चाचपत राहिली, जणू तळी खाली रुतली असेल. रस्त्यावरच्या रांगा तर केव्हाच भरून गेल्या होत्या.

"माझ्या ओट्यावर बस," मी म्हणालो. "घर तुझंच समज."

"तुमच्या गल्लीत कोन येते फुटाणे घ्यायले? तुमी येकटे किती खासान?" ती हसली. पाटी खाली ठेवून मूठभर फुटाणे माझ्या हातावर ओतले. त्यानंतर ती पाटी पुन्हा बाजारात दिसली नाही, आणि थोड्याच दिवसांत इंदूबाई लेकीकडे मुकुटबनला निघून गेली, ती कायमची. संकुल उघडलं त्या दिवशी फाटकातून बाहेर पडताना ती म्हणाली होती,

"तुमचा तंबू बरा होता, राजे. खेळ सरला का माही जागा मले वापस भेटे."