बटणाच्या आधीचं पान

अटी आणि शर्ती न वाचता 'मान्य आहे' म्हणणाऱ्यांचा एखादा पक्ष निघाला, तर त्याची अध्यक्ष बिनविरोध मीच होईन. अर्ज बँकेचा असो की दवाखान्याचा, सही कुठे करायची एवढंच मी विचारते. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज तपासून डोळे थकतात आणि घरी आल्यावर संपावर जातात, असं माझं स्वतःपुरतं स्पष्टीकरण आहे.

माझे वडील नेमके उलटे. त्यांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे फोनवरून हुकूम आला की ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा, पलीकडून 'बरोबर' आलं की मगच स्विचला हात लावायचा. रिटायर होताना त्यांनी ओळखपत्र जमा केलं, ही सवय केली नाही. आई होती तेव्हा तिनं भाजी सांगितली की हे दारात उभं राहून म्हणायचे, "वांगे अर्धा किलो, मिरची पाव, सांभार फुकट. बरोबर?" सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आईनं 'बरोबर' म्हटल्याशिवाय चप्पल पायात जात नसे.

पुढे वय झालं तसे त्यांचे कान गेले. एक पुरता, दुसरा बराचसा. मशीन घेऊ म्हटलं की एकच उत्तर, "मले काहून पाहिजे मशीन? तू मोठ्यानं बोल ना." मग मी मोठ्यानं बोलायचे. इतकं, की आमच्या घरात कोणाचं पोट बिघडलं हे अख्ख्या गल्लीला कळायचं. त्याचं हसू यायचं, पण दुःख वेगळं होतं. ओरडून सांगता येईल तेवढंच आम्ही एकमेकांशी बोलू लागलो होतो. हळू आवाजातलं, बारीकसारीक सगळं बंद पडलं होतं, आणि मला त्याची फार आठवण यायची.

शेवटी एकदाचे ते कबूल झाले, पण अट घालून. "पगाराले हात लावू नको. तुझ्या त्या मोबाइलच्या खेळातून येत असन, तर घे."

खेळ म्हणजे क्रिप्टो. दोन वर्षांपूर्वी कचेरीत सगळ्यांच्या अंगात आलं होतं, तेव्हा मीही कुणी नाव न ऐकलेलं एक टोकन घेऊन ठेवलं. बाकीच्यांची टोकनं बुडाली, माझं कसं कोण जाणे वर गेलं. ॲपवर नव्वद हजारांचा आकडा दिसत होता. त्यात दोन्ही कानांची मशीन बसत होती आणि करही निघत होता. फक्त ते टोकन आधी डॉलरशी बांधलेल्या दुसऱ्या टोकनात बदलायचं आणि मग त्याचे रुपये करायचे.

एका रविवारी पोहे खाऊन मी त्या अदलाबदलीला बसले. ॲपमध्ये आकडा टाकला की सौदा होण्याआधी एक पान येतं. तुम्ही इतकं देणार, इतकं मिळणार, कमीत कमी इतकं तरी हातात पडेल. भाव सारखा बदलतो म्हणून कोपऱ्यात एक काटा फिरत असतो, आणि त्याची फेरी संपली की आकडे नवे. माझा अंगठा खालच्या बटणाकडे निघालाच होता.

"काय करून राहिली वं?" बाबा समोर येऊन बसले. मशीनचे पैसे काढतेय, असं मी ओरडून सांगितलं.

"वाचून दाखव."

"बाबा, काटा फिरतोय!"

"फिरू दे. घाई त्याले आहे, आपल्याले नाही. किती देऊन राहिली, किती येऊन राहिले?"

मी वैतागून वाचायला घेतलं. "देणार, सगळी टोकनं. मिळणार..." आणि थांबले. मिळणारा आकडा रुपयांत एकसष्ट हजार होता.

"देणार सगळे. येणार एकसष्ट हजार," बाबांनी परत म्हटलं. "बरोबर?"

आता कुठल्या तोंडानं बरोबर म्हणू? खाली लाल अक्षरांत चक्क एक ओळ होती, तुमच्या या सौद्यानं भाव पडतोय. मी बटण बघत होते, ओळ नाही. माझ्या टोकनाचा बाजारच इवलासा. सगळं एकदम विकायला काढलं की शेवटच्या टोकनांना कुणी विचारत नाही. हे मी बाबांना कसंबसं समजावलं, पण त्यांना ते माझ्याआधीच समजलं होतं.

"एकदम लोड टाकला तर व्होल्टेज पडणारच. थोडं थोडं टाक. मधात दम घेऊ दे."

मी आकडा पुसून पाचवा हिस्सा टाकला. पानावर जवळजवळ पूर्ण भाव आला. एकोणतीस हजार अंगठ्याखालून वाचले होते.

मग दर रविवारी आमचा कार्यक्रम ठरला. मी ओरडून वाचायची, बाबा चवीनं परत म्हणायचे. गल्लीला आता आमच्या पोटांबरोबर माझी टोकनंही कळू लागली. चौथ्या रविवारनंतर मशीनपुरते पैसे झाले. दुकानात बाबांनी मशीन बसवणाऱ्या माणसाची प्रत्येक सूचना परत म्हणून त्याच्याकडून 'बरोबर' वदवून घेतलं. घरी आल्यावर कुरकुर सुरू झाली, "पंखा एवढा बोंबलते काय? इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

उरलेला पाचवा हिस्सा कराला लागणार होता. तो रविवार आला तेव्हा बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी बाहेर एकटीच पान उघडून, सवयीनं, स्वतःशीच पुटपुटले, "देणार, उरलेली सगळी. मिळणार, सतरा हजार चारशे."

"देणार उरलेले सगळे," आतून आवाज आला. "येणार सतरा हजार चारशे. बरोबर?"

तेवढ्यात काटा फिरला आणि आकडा बदलला. मी तो पुन्हा वाचला, पहिल्यापेक्षाही हळू. तोही जसाच्या तसा परत आला.