नौपाड्यात तयार झालेलं खत

"ड्रम माझ्या गॅसपासून चार पावलांवर आहेत, आई, आणि अळ्यांना चार पावलं चालायला फार वेळ लागत नाही," करुणा म्हणाली. तिच्या हातात लाटणं होतं. ते चपातीसाठीच होतं, पण महिनाभरात त्याचा रोख हळूहळू सासूकडे वळत चालला होता.

"अळ्या नाहीत त्या. गांडुळं आहेत," मालन म्हणाली.

"मग चहा ठेवू का त्यांना? पाहुणे आहेत तर."

राजरत्नने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. आईला काही बोलता येत नाही आणि बायकोला बोलायची छाती होत नाही, अशा वेळी तो नेहमी बातम्या ऐकायचा. त्यामुळे गेल्या महिन्यात देशात काय काय घडलं, हे त्या चाळीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांची मुलगी सान्वी फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पाटावर गणिताची वही, मांडीवर पुस्तक. दहावीचं वर्ष. एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या या घरात तिच्या मालकीची एकच जागा होती, गॅलरीतलं दीड हाताचं टेबल. आता तिथे तीन निळे ड्रम उभे होते आणि टेबल पाय वर करून माळ्यावर पडलं होतं.

या ड्रमांना मालन जबाबदार होती, आणि मालनचा 'होईल' हा शब्द.

मालन अठ्ठावन्न वर्षांची. नऊ वर्षं ती रोज कोपरहून ठाण्याला जाऊन नौपाड्यातल्या सलिल सरांच्या ऑफिसात पॅन्ट्री सांभाळत होती. सकाळी साडेआठला कुलूप उघडायची तीच, संध्याकाळी लावायचीही तीच. मावशी, बावीस जणांचा चहा लवकर होईल का? होईल. मावशी, रविवारी मीटिंग आहे, येणं होईल का? होईल. नवरा गेला त्याच्या तेराव्या दिवशी फोन आला होता, तेव्हाही ती होईल म्हणाली होती.

ऑफिसचा धंदा म्हणजे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे करायच्या परवानग्या मिळवणं. मध्ये येणारी झाडं तोडायचे अर्जही तिथेच टाइप व्हायचे. असं सगळं सुरळीत चाललं असताना एका मोठ्या बिल्डरने कळवलं, की काम हवं असेल तर तुमचं ऑफिस पर्यावरणपूरक असल्याचं प्रमाणपत्र दाखवा. सलिल सरांना त्याच आठवड्यात पृथ्वीची काळजी वाटू लागली.

आधी कागदी कप बंद झाले. प्रत्येकाने आपला मग आणायचा आणि आपणच धुवायचा, असं ठरलं. धुवायचा भाग तीन दिवस टिकला. चौथ्या दिवसापासून मालन बावीस मग दिवसातून तीनदा धुवू लागली, आणि संध्याकाळी सहाला सुटणारी साडेसातला सुटू लागली. मग एसी सव्वीसवर ठेवायचं ठरलं, म्हणून प्रत्येक टेबलावर एकेक छोटा पंखा आला. सरांच्या केबिनला लागून चांगली आठ हात बाल्कनी होती. तिथे 'ग्रीन कॉर्नर' झाला. खरं गवत वाळतं, म्हणून प्लास्टिकचं अंथरलं.

शेवटी आली खताची टोपली. मार्गदर्शन करायला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या लिओना मॅडम यायच्या. बाई मनाने चांगली. तिने सगळ्यांना समजावलं, ओला कचरा यात टाका, दीड महिन्यात काळं सोनं मिळेल. लोकांनी उत्साहाने टाकलं. दुधाच्या चहाचा गाळ, पनीरची ग्रेव्ही, कुणाच्या वाढदिवसाचा केक मेणबत्तीसकट. दहाव्या दिवशी टोपलीतले जीव रांगेने निघाले आणि थेट सरांच्या केबिनच्या दाराशी पोचले.

"मावशी, परवा तपासणी आहे," सर नाकाला रुमाल लावून म्हणाले. "काहीतरी होईल का?"

"होईल," मालन म्हणाली.

तिच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये कढीपत्ता, अळू आणि एक हट्टी गुलाब होता. भाज्यांची देठं, अंड्यांची टरफलं, सुकी पानं यांचं खत ती वर्षानुवर्षं करत आली होती. त्याला कुणी काळं सोनं म्हणत नव्हतं. करुणा त्याला 'आईंचा उकिरडा' म्हणायची, तेही प्रेमाने. त्यातलं दोन किलो मालनने साखरेच्या बरणीत भरून नेलं आणि ऑफिसची टोपली गोणीत बांधून घरी आणली. स्टेशनबाहेर शेअर रिक्षात तिच्या शेजारी कुणी बसेना. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, तिन्ही सीटचे पैसे तुम्हीच द्या."

तपासणीला लिओना मॅडमनी बरणी उघडली, वास घेतला आणि डोळे मिटले. "सलिल, हे तुमच्या ऑफिसात झालं?"

"टीमवर्क," सर म्हणाले.

प्रमाणपत्र मिळालं. बरणी मध्ये धरून बावीस जणांचा फोटो निघाला. छान आला. मालननेच काढला होता.

इथवर निभलं असतं. पण कौतुक माणसाला स्वस्थ बसू देत नाही. सरांनी ठरवलं, यंदा दिवाळीला सुक्या मेव्याऐवजी शंभर ग्राहकांना आपल्या ऑफिसचं खत भेट द्यायचं. होईल का, मावशी? तेव्हापासून ऑफिसचा ओला कचरा रोज डब्यातून कोपरला येऊ लागला, आणि गॅलरीत एकाचे दोन, दोनाचे तीन ड्रम झाले. खरं सांगायचं तर मालनला थोडं बरंही वाटत होतं. नऊ वर्षांत तिच्या चहाचा कुणी वास घेऊन डोळे मिटले नव्हते.

"परीक्षा मार्चमध्ये आहे," करुणा लाटणं खाली ठेवत म्हणाली. "खत दिवाळीला संपणार म्हणता. मग सर होळीचं काढतील. त्यांची पृथ्वी वाचेल, माझ्या पोरीचं वर्ष जाईल."

"मी बोलते सरांशी."

"काय बोलता? होईल?"

राजरत्न हसला आणि लगेच बातम्यांकडे वळला.

ऑफिसातून दिलेलं खोकं मालनने पुढे ओढलं. शंभर कापडी पिशव्या आणि शंभर कार्डं. कार्डं रिसायकल केलेल्या कागदाची, बंगळुरूहून कुरिअरने मागवलेली. उद्यापासून भरायला घ्यायची होती.

"इंग्लिशमध्ये काय लिहिलंय गं?" तिने सान्वीपुढे एक कार्ड धरलं.

सान्वीने पेन्सिल कानामागे खोचली आणि मराठी करत वाचलं, "हे खत आमच्या नौपाड्याच्या ऑफिसात, आमच्या स्वतःच्या हातांनी तयार झालं आहे. खाली सगळ्यांची नावं आहेत." तिचं बोट यादीवरून खाली सरकलं. "बावीस. आजी, तू नाहीस यात."

"मी एजन्सीकडून आहे. पगार तिकडून येतो," मालन म्हणाली. हे ती असं म्हणाली, की जणू हातही एजन्सीचेच होते.

"वाट बघा आता नावाची," करुणा पुटपुटली, पण तिचा आवाज उतरला होता.

तेवढ्यात पाटाच्या कडेवरून एक गांडूळ वहीवर आलं. सान्वी दचकली नाही, ओरडली नाही. तिने पट्टीने ते उचललं, गॅलरीत नेऊन ड्रमात सोडलं आणि परत येऊन अर्धवट राहिलेलं समीकरण पुढे सोडवू लागली. सवयीनं. मालन ते बघत राहिली. इतकी गुणी सवय या घरात आधी फक्त 'होईल' म्हणणाऱ्या बाईला होती, आणि तिचं काय झालं ते मालनला ठाऊक होतं.

तिने कार्ड पुन्हा हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि खोक्यात नीट ठेवलं.

"राजू, टीव्ही बंद कर. कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला फोन लाव. उद्या सकाळी सातला ये म्हणावं."

"कशाला?"

"तिन्ही ड्रम ठाण्याला जाणार. सरांच्या बाल्कनीत, त्या प्लास्टिकच्या गवतावर ठेवणार. ऑफिसात तयार झालं असं छापलंय ना, मग ऑफिसातच होऊ दे."

"सर काय म्हणतील, आई?" करुणाने विचारलं.

"ते दहाला येतात. कुलूप मी साडेआठला उघडते."

"आणि ढवळणार कोण?"

"नावं छापलीत बावीस," मालन म्हणाली. "टेबल माळ्यावरून खाली काढा. आणि उद्यापासून मी ऑफिसातून सहाला निघणार आहे."