अनुमोदक मंदाकिनीबाई

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे तासभर जांभया आणि शेवटी बटाटावडा. सेक्रेटरी श्रीपाद ठराव वाचतो. सूचक त्याने आधीच पटवलेला असतो. ‘अनुमोदक?’ असं विचारलं की मात्र सगळे मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. अशा वेळी पाचव्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई हात वर करायच्या. ठराव कशाचा आहे हेही त्यांनी नीट ऐकलेलं नसे. कुणी ताटकळू नये, एवढंच. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण चारचौघांत ‘मला पटत नाही’ म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. असल्या सभ्यपणाचा मला तिटकारा आहे.

श्रीपादसारखी माणसं त्याच्यावरच पोसली जातात. नोकरीत साहेबांपुढे मान तुकवली, त्याची सगळी कसर तो सोसायटीत भरून काढतो. पाहुण्याच्या स्कूटरला फी, गच्चीवर पापड वाळवायला फी. गेल्या सभेत त्याने नवीनच टूम काढली. घरी कामाला येणाऱ्या बाईने लिफ्ट वापरली, तर फ्लॅटच्या मालकाने दरमहा दोन हजार भरायचे. या ठरावालाही अनुमोदन मंदाकिनीबाईंचंच.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या यजमानांना, हरिहररावांना, अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं सगळं करायला आंबिवलीहून शेवंती येऊ लागली. मंदाकिनीबाईंना एकटीने त्यांना कुशीवर वळवताही येत नव्हतं. शेवंती टिकली तरच त्यांची नीट निगा राखली जाणार होती. आणि पहिल्याच दिवशी वॉचमनने तिला लिफ्टच्या दारात अडवलं.

पेन्शन औषधांत आणि शेवंतीच्या पगारात संपत होतं. मंदाकिनीबाई श्रीपादकडे गेल्या.

“फ्लॅट माझ्या मालकीचा आहे. लिफ्टचा खर्च मी मेंटेनन्समधून देतेच की.”

“काकू, सभेचा ठराव आहे, मी काय करू? आणि अनुमोदन कुणाचं? तुमचंच ना?” वर हसला मेला.

त्यांनी सोसायटीच्या उपविधींची प्रत मागितली. तीही त्याने आज देतो, उद्या देतो करत टाळली, तेव्हा त्यांनी बाहेरून विकत आणून वाचली. असलं शुल्क त्यात कुठेच नव्हतं. नियमाबाहेरचा ठराव सभेने एकमुखाने केला तरी तो टिकत नाही, मग अनुमोदक कुणी का असेना, हेही त्यांना कळलं. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायचं ठरवून त्या सह्यांसाठी घरोघर फिरल्या. कुणी चहा दिला, कुणी हरिहररावांची चौकशी केली. सही कुणीच केली नाही. “काकू, रोज तोंडं बघायची असतात हो,” म्हणे. या तोंडांत बघण्यासारखं काय आहे देव जाणे. शेवटी त्यांनी एकटीच्या सहीने अर्ज दिला.

तोवर शेवंती रोज जिना चढत होती. एक दिवस वर येऊन ती जमिनीवरच बसली.

“ताई, पाच माळे चढून गुडघे गेले माझे. कोलशेतला तळमजल्यावर काम मिळतंय. राग नका मानू.”

मंदाकिनीबाईंनी तिला पगार दिला, जुनी साडी नको म्हणून नवी दिली आणि दारापर्यंत सोडलं.

हे शुल्क बेकायदेशीर आहे, ताबडतोब बंद करा, असं पत्र सोसायटीला आलं तेव्हा शेवंतीला जाऊन बरेच दिवस झाले होते. दुसरी बाई मिळत नव्हती. श्रीपाद जिभेवर साखर पेरून वर आला.

“काकू, तुमच्यासाठी ठराव मागे घेतला बरं का. आता खुशाल बाई ठेवा. लिफ्ट तुमचीच आहे.”

“बरं झालं आलात,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “आत या. ह्यांना कुशीवर वळवायचंय.”

श्रीपाद चपला काढून आत गेला. त्याने कसेबसे हरिहररावांचे खांदे धरले. मंदाकिनीबाईंनी सदरा वर केला. पडून पडून पाठीवर तळहाताएवढी जखम झाली होती. श्रीपादने मान फिरवली.

“तिकडे नका बघू,” त्या म्हणाल्या. “इकडे बघा आणि घट्ट धरा. मला ती धुवायची आहे.”