कागद कोणी द्यायचा?

मुप्पिडाती तापट आहे, हे शिवकाशीत तुम्हाला कोणीही सांगेल. ती कशामुळे तापते, ते मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मी सेल्वक्कनी. तवसिलिंगम ऑफसेटमध्ये प्रुफं तपासते. पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर शिव्या मलाच बसतात, त्यामुळे रागाची मला चांगली ओळख आहे.

मुप्पिडाती मूळची आमच्याच प्रेसमधली. शाळा सुटली तशी येऊन सुडलैमुत्तू अण्णाचींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. अण्णाची आमच्याकडचे सगळ्यांत जुने पत्रिका लावणारे. गणपती केवढा, नावं केवढी, घडीपासून किती जागा सोडायची, हे सगळं तिने त्यांच्याकडून उचललं. मग लॉकडाऊनमध्ये कामं आटली आणि मुदलाळींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पहिली तिलाच घरी बसवली. म्हणे, बाईमाणूस आहे, नवऱ्याचा पगार येतो, तिचं काय अडतंय! नवऱ्याचा पगार तिला स्वतःला कधी दिसला नव्हता. ती रडली नाही. मदुरैला जाऊन वेबसाइट करायला शिकली, आणि आता त्याच मुदलाळींना तिला शिकवायला ये म्हणून फोन करावा लागला. लोक फोनवर उघडणारी पत्रिका मागायला लागले होते आणि आमच्या पाच डिझायनरांपैकी एकालाही ते येत नव्हतं.

ती आली त्या सकाळी मुदलाळींनी सगळ्यांना उभं केलं.

"शिकून घ्या. ज्याला जमेल तो खुर्चीवर राहील. ज्याला नाही जमणार तो कटिंगला जाईल."

कटिंगला दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं असतं. अण्णाचींचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना चढताना ते कठड्याला धरून चढतात. त्यांना कटिंगला पाठवणं म्हणजे घरी पाठवणंच, फक्त ते तोंडाने म्हणायचं नाही.

"बघितलंस कनी?" मुप्पिडाती मला नळापाशी म्हणाली. "ज्याने मला शिकवलं, त्याला काढायचं काम माझ्या हातून करून घेतोय हा माणूस. वर मी उपकार मानायचे!"

त्यामुळे ती वर्गात सगळ्यांत जास्त कोणावर ओरडली असेल, तर अण्णाचींवर.

आणि अण्णाचीही कमी नव्हते. त्यांच्याकडे एक स्टीलची पट्टी होती, आकडे पुसट झालेली. ती ते पडद्याला लावायचे. नाव पडद्यावर किती सेंटिमीटर येतंय ते बघायचे, मग शेजाऱ्याच्या पडद्याला लावायचे, आणि दोन्हीकडे वेगळं आलं की "मशीन बिघडलंय" म्हणून मोकळे.

"अण्णाची, पट्टी ड्रॉवरमध्ये!"

"अगं, मापाशिवाय काम कसं करायचं?"

"ड्रॉवरमध्ये!"

पहिली पत्रिका त्यांनी लावली ती बघण्यासारखी होती. अगदी कागदावरच्यासारखी देखणी, चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं. आमच्याकडे छापून आलेल्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय ती कोणाच्या हातात देत नाहीत. अण्णाचींनी ती हळद पानातच काढली होती. मुप्पिडातीने पान फोनवर उघडलं, तर उजवीकडची अर्धी पत्रिका पडद्याबाहेर. मुलीचं नाव अर्धं, मुलाचं गायब, हळदीची दोन बोटं कुठे गेली त्याचा पत्ता नाही.

"हे लग्न मुलगी एकटीच करतेय वाटतं," ती म्हणाली. "अण्णाची, या पानाला कोपरे नसतात. कोणाचा पडदा रुंद, कोणाचा अरुंद. प्रत्येकाचे कोपरे वेगळ्या जागी."

"कोपरेच नाहीत, तर हळद लावायची कुठे?"

बाकीचे हसले. मुप्पिडाती हसली नाही. 

"नावांना लावा. नाव जिथे जाईल तिथे हळद त्याच्याबरोबर गेली पाहिजे. पानाला काही बांधायचं नाही. एकमेकांना बांधायचं."

 दुसऱ्या दिवशी हळद नावांच्या शेजारी होती, पण नावांची मापं अजून सेंटिमीटरमध्येच. तेव्हा मात्र तिचा पारा चढला. तिने अण्णाचींना हाताला धरून प्रेसच्या फाटकाबाहेर नेलं. आम्हीही मागोमाग गेलो. तिथे मोगरा विकणाऱ्या दोघी बसतात, एक उंच, एक ठेंगणी. फुलं मुळमवर विकतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची एक लांबी. मुप्पिडातीने दोघींकडून एकेक मुळम घेतला आणि दोन्ही गजरे शेजारी धरले. एक चांगला चार बोटं आखूड.

"अक्का, कमी दिलंत," ती ठेंगणीला म्हणाली.

"कमी कसं? एक मुळम मागितलास, एक मुळम दिला. माझा हात देवाने एवढाच केलाय, त्याला मी काय करू? लांब पाहिजे असेल तर तिच्याकडून घे, पण तिची फुलं कालची आहेत!"

"कालची तुझी!" उंच बाई कडाडली, आणि दोघींची जी जुंपली, ती आम्ही आत आलो तरी ऐकू येत होती.

"कळलं?" मुप्पिडातीने विचारलं. "वेबवर कोणी किती सेंटिमीटर विचारलं, की आधी विचारायचं, कोणाच्या हाताने?"

त्या दिवसापासून वर्गात ते एक बोलणंच होऊन बसलं. कोणी चहा किती घालू म्हटलं, तरी बाकीचे ओरडायचे, "कोणाच्या हाताने?" अण्णाचीसुद्धा. मला वाटलं, जमलं. गाडी रुळावर आली.

तेवढ्यात मुदलाळींनी वर्ग बंद केला.

कॅलेंडरांचा हंगाम तोंडावर आला होता आणि माणसं वर्गात बसलेली त्यांना बघवेनात. "झालं ना शिकून? काय ते पदवी घेणार आहेत का?" मुप्पिडाती सांगत राहिली की रंगांचं अजून काहीच झालेलं नाही, वेगवेगळ्या फोनवर तपासणं झालेलं नाही. मुदलाळींनी ऐकून घेतलं ते भिंतीकडे बघत. ज्या माणसाला अर्धा शिजलेला भात चालत नाही, त्याला अर्धं शिकलेली माणसं कशी चालतात, मला अजून कळलेलं नाही.

आणि वर कडी म्हणजे, त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका अण्णाचींना लावायला सांगितली. फोनवरची. अण्णाचींनी जीव ओतला. नावं लाल कुंकवाच्या रंगात, शेजारी हळद, अरुंद पडद्यावर नावं एकाखाली एक येतील, रुंदवर शेजारी. मुदलाळींनी स्वतःच्या फोनवर बघितली, खूश झाले, आणि सगळ्या गोतावळ्याला पाठवून दिली.

दुपारी विरुदुनगरहून फोन आला. मुलाच्या आईचा. तिच्या फोनवर ती पत्रिका काळी ठिक्कर उघडली होती. काळ्यावर फिकट अक्षरं. आमच्या प्रेसमध्ये मयताच्या दिवसांची पत्रं लावायचं टेबलसुद्धा वेगळं आहे, लग्नाच्या पत्रिका त्या टेबलावर टेकवतही नाहीत. आणि इथे होणाऱ्या सुनेचं नाव काळ्यावर. बाई फोनवर काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण मुदलाळींच्या तोंडावर दिसत होतं. "सोयरीक राहू द्यायची की नाही, ते संध्याकाळी सांगतो," हे बाईंचं शेवटचं वाक्य तेवढं त्यांनी आम्हाला ऐकवलं, आणि मग अण्णाचींकडे वळले.

"नावातच मसण घेऊन बसलायस, सुडलै! तुझ्या हातून दुसरं काय होणार?"

सुडलै म्हणजे मसणच. पण ते आमच्या देवाचं नाव आहे, गावाबाहेर उभं राहून गाव राखणाऱ्या देवाचं. मुदलाळींचे आजोबासुद्धा त्याला नारळ फोडायचे. आयुष्य या प्रेसमध्ये घातलेल्या माणसाला हा त्याच्या देवाच्या नावावरून मसण म्हणतो!   अण्णाची मान खाली घालून पडद्याकडे बघत राहिले. मी बाहेर जाऊन मुप्पिडातीला फोन लावला.

ती आली तेव्हा तिच्या हाताला इडलीचं पीठ होतं. तशीच स्कूटरवर बसून आली होती.

"कागदाला रंग दिलात?" तिने आल्या आल्या अण्णाचींना विचारलं.

"कागदाला रंग कोण देतं गं? कागद असतोच."

ती मटकन खुर्चीत बसली. बरोबरच होतं त्यांचं. आमच्या धंद्यात पांढरा कोणी छापतं का? कागद गिरणीतून येतो, आपण फक्त शाई लावतो. जिथे काही लावायचं नसेल ती जागा मोकळी सोडायची. अण्णाचींनी आयुष्यभर तेच केलं होतं, इथेही तेच केलं.

"इथे कागद नसतो, अण्णाची," ती म्हणाली. "कागद आपण द्यायचा. आपण नाही दिला, तर ज्याच्या हातात फोन, त्याचा फोन देतो. त्या बाईंनी डोळ्यांना त्रास नको म्हणून फोन काळ्यावर ठेवला असणार. फोनने काळा कागद दिला."

"मग तू दे ना पटकन!" मुदलाळी ओरडले. "किती वेळाचं काम आहे?"

"दोन ओळींचं."

"मग कर! आणि हा उद्यापासून कटिंगला."

मुप्पिडातीने पिठाच्या हातांची घडी घातली.

"मी नाही करणार."

"काय?"

"हाच धडा राहिला होता. तुम्ही मध्येच वर्ग बंद केलात. तो आता होईल. ए, सगळे बसा!"

"अगं, विहीणबाई वाट बघतायत!"

"त्यांना सांगा, शाळा चालू आहे."

मी तिला इतकी चिडलेली कधी बघितली नव्हती. तिने तो धडा दात ओठ खात शिकवला. फळ्यावर खडू मोडला, दुसरा घेतला, तोही मोडला. अण्णाचींनी पहिल्यांदा रंगाचा चुकीचा आकडा घातला आणि अख्खं पान लालभडक झालं.

"लग्न आहे अण्णाची, दंगल नाही! पुन्हा!"

पुन्हा चुकलं. तिने कीबोर्डला हात लावला नाही. मुदलाळी दारात येरझाऱ्या घालत होते, त्यांच्या फोनची घंटा वाजत होती. तिसऱ्या खेपेला पान हळदीसारखं पिवळं झालं. मग अण्णाचींनी दुसरी ओळ लिहिली, फोनला हा रंग बदलू नकोस असं सांगणारी. मुप्पिडातीने आपला फोन काळ्यावर टाकून पान उघडलं. पिवळंच. ती फोन सगळ्यांपुढे धरून म्हणाली, "झालं."

"थांब," अण्णाची म्हणाले. "कनी, तुझा फोन दे." माझा फोन जुना, काच तडकलेली, अक्षरं मोठी करून ठेवलेली. त्यांनी त्यावर बघितलं. मग शिपायाचा मागितला, मग बाकी चौघांचे. सगळ्यांवर बघून झाल्यावरच मुदलाळींना म्हणाले, "आता पाठवा."

विरुदुनगरच्या बाईंनी पत्रिका बघितली. नरमल्या. छापील पत्रिकाही हव्यात, अगदी अश्शाच, आणि हळद लावून घरी आणून द्या म्हणाल्या. मुदलाळींनी फोन ठेवला आणि त्यांचा आवाज लगेच पहिल्यासारखा झाला.

"बरं, ऐक. छापायला याच मापाची घ्यायचीय. हे पान किती बाय किती आहे?"

अण्णाचींनी ड्रॉवर उघडला आणि पट्टी काढली.  मुप्पिडातीने डोळे मिटून घेतले.

ते गुडघ्यांवर हात टेकत उठले, मुदलाळींपाशी गेले आणि पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

"कोणाच्या हाताने, मुदलाळी?"

मुदलाळींना कळलं नाही. आम्हाला कळलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"अजून धडे राहिलेत," अण्णाची म्हणाले.  "ते पुरे होईपर्यंत मी दुसरी पत्रिका लावणार नाही. कटिंगलाही जाणार नाही. आणि माझं नाव सुडलैमुत्तू आहे. पुरं घेत चला."

मुदलाळी आमच्या तोंडांकडे बघत राहिले. कोणी उठलं नाही. मुप्पिडातीने पिठाच्याच हाताने डोळे पुसले आणि नवा खडू घेतला.

"मुदलाळी, शिकायचं असेल तर मागच्या बाकावर बसा. नाहीतर जाताना दार लावून घ्या."

त्यांनी जाताना दार लावून घेतलं. पट्टी त्यांच्याच हातात राहिली.